गो भाषेत मॅपमधील घटकाचा पत्ता का घेता येत नाही?

प्रश्न (सोलापूर):
आमच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यासाठी चादरी आणि टॉवेल यांच्या साठ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम मी गो भाषेत लिहीत आहे. वाणाचे नाव ही की, आणि नग व दर ही फील्ड असलेला स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली नोंद) ही व्हॅल्यू, असा मॅप (कीवरून व्हॅल्यू शोधून देणारा संग्रह) केला आहे. साठा["चादर"].नग या फील्डला थेट नवे मूल्य दिले, तर कंपायलर ती ओळ नाकारतो; त्या घटकापुढे & लावून पॉइंटर (मेमरीतील पत्ता) घेऊ पाहिला, तरी नाकारतो. तेच स्ट्रक्ट स्लाइसमध्ये (वाढू शकणाऱ्या क्रमवार यादीत) ठेवले, की दोन्ही गोष्टी चालतात. हा भेद का, आणि माझ्या कामाला कोणती रचना योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
व्हेरिएबल, पॉइंटरने दाखवलेले मूल्य आणि स्लाइसचा घटक यांचा पत्ता नेहमी घेता येतो. स्ट्रक्टच्या फील्डचा किंवा ॲरेच्या (ठरलेल्या लांबीच्या यादीच्या) घटकाचा पत्ता मात्र तो स्ट्रक्ट किंवा ॲरे स्वतः पत्ता घेण्याजोगा असेल तरच मिळतो. स्थिरांक, फंक्शनने परत दिलेले मूल्य, स्ट्रिंगमधील बाइट आणि मॅपमधील घटक यांना ही मुभा नाही. मॅप वाढला की रनटाइम (प्रोग्राम चालताना मेमरी सांभाळणारी गोची यंत्रणा) त्यातील घटक दुसऱ्या जागी हलवू शकतो, आणि नसलेली की मागितल्यास मॅप जे शून्यमूल्य (त्या प्रकाराचे रिकामे मूल्य) देतो त्याला मॅपमध्ये जागाच नसते. मग पत्ता द्यायचा तरी कशाचा? याच कारणाने मॅपमधील स्ट्रक्टच्या फील्डला थेट मूल्य देता येत नाही, आणि पॉइंटर रिसीव्हर असलेली (म्हणजे स्ट्रक्टचा पत्ता घेऊन चालणारी) मेथडही मॅपमधील स्ट्रक्टवर थेट चालत नाही. कंपोझिट लिटरलपुढे (जागीच लिहिलेल्या स्ट्रक्ट, ॲरे यांसारख्या मूल्यापुढे) & चालतो, पण तो सोयीसाठी मुद्दाम ठेवलेला अपवाद आहे. (आपण दिलेली नावे समजण्यापुरती ठीक, पण गोच्या आयडेंटिफायरमध्ये (व्हेरिएबल, फील्ड यांच्या नावांत) काना-मात्रा चालत नसल्याने "दर" स्वीकारला जाईल, "साठा" नाही.)

उत्तर २:
मॅपमध्ये स्ट्रक्टचा पॉइंटर ठेवा, असे बहुतेक जण सुचवतील. त्याने फील्ड थेट बदलता येते हे खरे, परंतु नोंदच नसलेल्या वाणाचे नग कमी करू गेल्यास हाती निल (कशाकडेच न दाखवणारा) पॉइंटर येतो आणि प्रोग्राम पॅनिक होऊन (चालता चालता चूक येऊन) थांबतो, म्हणून की आहे की नाही हे आधी तपासावेच लागते. दोन फील्डच्या लहान स्ट्रक्टसाठी तो व्हेरिएबलमध्ये काढून, बदलून, त्याच कीवर परत ठेवणे मला अधिक सरळ वाटते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग स्लाइसच्या घटकाचा पॉइंटर जपून ठेवला, तर तो निर्धोक आहे ना?

उत्तर १:
पत्ता वैध राहतो, परंतु क्षमता (आधीच राखलेली जागा) संपल्यावर अपेंड केल्यास, म्हणजे नवा घटक जोडल्यास, स्लाइस नव्या ॲरेवर जाते आणि आपला पॉइंटर जुन्याच ॲरेकडे पाहत राहतो. त्यातून केलेला बदल नव्या स्लाइसमध्ये दिसत नाही, आणि कंपायलरही काही बोलत नाही. साठ्यात नवे वाण येत राहणार असतील, तर पॉइंटरऐवजी इंडेक्स (घटकाचा क्रमांक) जपावा.