मदत हवी आहे : बाबांना (वय ६३, बीपी आहे) जीपनं स्पिती दाखवायची आहे, मार्ग कोणता धरू?

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. घरची संत्र्याची बाग आहे. मागच्या मे महिन्यात नवा बोअर मारला. नऊशे फूट गेलो, तरी वर नुसता पांढरा फुफाटा उडत राहिला. बाबा अंधार पडेपर्यंत बोअरच्या गाडीजवळून हलले नाहीत.

नंतर कधीतरी त्यांनी फोनवर हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याचा व्हिडिओ पाहिला. उघडेबोडके मातकट डोंगर आणि मधेच वाटाण्याची, सफरचंदाची हिरवी पट्टी. व्हिडिओ थांबवून त्यांनी डोंगराच्या कडेनं येणारा हातभर रुंदीचा दगडी पाट मला बोटानं दाखवला. "पानी पडत नाई तं झाडं जगतेत कशी? मले डोयानं पाह्याचं हाय." मान्सून हिमालयाच्या रांगांपलीकडे फारसा पोचत नाही, शेती वितळत्या बर्फाच्या पाण्यावर चालते, ते पाणी कुहल म्हणजे पाटांनी आणतात, हे मी वाचून सांगितलं. पण त्यांना ते पाहायचंच आहे. स्वतःसाठी त्यांनी आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आता अडचण. एका टूरवाल्यानं गाइड आणि फोर बाय फोर जीपसह आराखडा दिला : मनालीहून अटल बोगद्यातून निघायचं आणि पहिलाच मुक्काम चंद्रताल तळ्याजवळ. मनाली दोन हजार मीटरवर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या वर. एका दिवसात एवढी चढण! माझे भाऊजी याच मार्गानं गेले होते. रात्रभर डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, पहाटे त्यांना खाली मनालीला आणावं लागलं. ते चाळिशीतले, धडधाकट. टूरवाला म्हणतो, "काही होत नाही." मला ते पटत नाही.

सप्टेंबरात जायचा विचार आहे, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू व्हायच्या आत. सिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलो तर दिवस किती धरावेत? बीपीच्या गोळ्या चालू असताना उंचीवरच्या त्रासाची गोळी चालते का? आणि कच्च्या रस्त्यावर जीपमध्ये बाबांच्या कमरेचं काय? ज्यांनी घरच्या वयस्कर माणसाला नेलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद (अकोला) :
दादा, तुमची शंका रास्त आहे. आईला मी सिमल्याकडूनच नेलं होतं. नारकंडा, कल्पा, मग स्पितीतलं ताबो आणि काझा. कल्पा तीन हजारांच्या आत, ताबो त्याच्या थोडं वर, त्यामुळं शरीराला सवय होत जाते. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. काझ्यात दोन रात्री राहा. सिमला ते मनाली नऊ-दहा दिवस धरा. चंद्रताल शेवटी ठेवा, आणि बाबांना बरं वाटत असेल तरच.

उंचीवरची गोळी म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. तिनं लघवी वाढते. बीपीची गोळीही लघवीची असेल किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बसल्याजागी धाप लागली किंवा तोल जायला लागला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. हे ड्रायव्हरकडून आधीच कबूल करून घ्या.

काझ्याहून मनालीकडे येताना लोसर ते ग्राम्फू रस्त्यावर नाले आडवे येतात. उन्हानं बर्फ वितळून दुपारी पाणी चढतं, म्हणून काझ्याहून पहाटेच निघा. कमरेसाठी पुढची सीट बाबांना द्या, मागच्या चाकांवर बसवू नका.

ताबोत सफरचंदाच्या बागा आहेत. सप्टेंबरात फळ झाडावर असतं. तिथं एक दिवस जास्तीचा ठेवा, काकांना पाटाच्या कडेकडेनं निवांत चालू द्या.

धागाकर्ता :
ताई, मनापासून आभार. टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. सोमवारी बाबांना डॉक्टरांकडे नेतो, गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन. ताबोतल्या बागेचं सांगितलं तर लगेच म्हणाले, "पाट मोजाले टेप घेजो."