घरच्यांसोबत पाहिलेली विदर्भातली जुनी देवळं : तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. आडगावातल्या एखाद्या जुन्या देवळात घरच्यांना घेऊन गेला असाल, तर तिथे कोणी काय दाखवलं ते लिहा. दर्शनाच्या वेळा नकोत, त्या कुठेही मिळतात.

आम्ही चामोर्शीवरून मार्कंड्याला गेलो होतो. आबाजी, आई, मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा. महाशिवरात्रीची जत्रा उलगून पंधरा दिवस झालेले, घाट मोकळा होता. वैनगंगा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणून आबाजी आधी नदीत उतरले. "उत्तरवाहिनी पानी हाये, पाय धुवून चल." मला फोटोंत पाहिलेल्या मूर्ती शोधायच्या होत्या, भिंतीवर तर रांगांवर रांगा, कुठून सुरुवात करावी कळेना. मुलगा मात्र दुरुस्तीसाठी उतरवून ठेवलेल्या दगडांपाशीच थांबला. पूर्वी कधीतरी वीज पडून शिखर ढासळलं होतं, हे आबाजींनी त्याला तिथेच सांगितलं. मग एका दगडाच्या कडेला तुटलेली वेल दाखवून म्हणाले, "हिचा बाकीचा अर्धा कोन्या दगडावर हाये, शोध. हात नको लावू." दोघं तासभर उन्हात फिरले. सापडला नाही. घरी येऊन पोराने वहीत तो उरलेला अर्धा भाग स्वतःच्या मनाने काढला. ती वही मी जपून ठेवली आहे.

*

लोणारला सगळे थेट सरोवराकडे जातात. गावातलं दैत्यसूदन मंदिर राहूनच जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आत काळोख असतो आणि खरं काम छतावर आहे. आजीला मानेचा त्रास, वर बघताच येईना. तिने पदर अंथरला आणि सरळ फरशीवर आडवी झाली. बाबांनी मोबाईलचा टॉर्च वर धरला. आजी एकेक आकृती बोटाने दाखवत लवणासुराची गोष्ट सांगत राहिली, आम्ही सगळे तिच्या बाजूला आडवे.

*

लासूरचं आनंदेश्वर (ता. दर्यापूर) कोणी लिहिलं नाही अजून? जरूर जा. फक्त प्यायचं पाणी घरून न्या, तो सगळा खारपाणपट्टा आहे. आम्ही नेलं नव्हतं, मावशीचे फार हाल झाले.

*

आम्ही कारंजा लाडचे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचं दार बंद होतं. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यातला पूजेच्या हक्काचा वाद. दर्शन काय ते खिडकीतून. मुलं झाली, ती शिकून पुण्याला गेली, तरी खिडकी तीच. सासरे दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी उघडेल.

४२ वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये दार उघडलं. सासरे तोवर गेले होते.

पुढच्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेलो. मूर्ती अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून मुलं खाली वाकून फट दिसते का बघत होती. सासूबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. बाहेर येऊन त्या आधी खिडकी शोधायला लागल्या. सापडली तशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ह्यांना इथूनच सांगते."