पाणकावळ्याचे फोटो: पक्ष्याच्या जागी नुसतं काळं भोक येतं, काय करू?

बाकावरचा
नमस्कार मंडळी. घराजवळच्या निसर्ग उद्यानातल्या तळ्यावर पाणकावळे येतात. महिनाभर रोज सकाळी जातोय. वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेला दिसला की वाटतं, हा आता कुठे जातोय! आणि घरी येऊन बघावं तर फोटोत पक्ष्याच्या आकाराचं भोक. डोळा नाही, पिसं नाहीत. मागचं पाणी मात्र झकास. माझ्याकडे ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे. ६०० पर्यंतची घ्यावी असं डोक्यात घोळतंय. शिवाय बुडी मारली की पठ्ठ्या नेमका मी बघत नसेन त्या बाजूला वर येतो. त्यावर काही उपाय?

शेवाळ
लेन्स राहू द्या हो. मागे चमकतं पाणी असलं की कॅमेरा त्या उजेडाला भुलून सगळंच गडद करतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड वाढवायची-कमी करायची सोय, +१ करून बघा.

शटरबहाद्दर
काळ्या पक्ष्याला प्लस? मी तर कायम उलटं ऐकलंय, काळ्याला मायनस, पांढऱ्याला प्लस.

शेवाळ
दोन्ही खरं आहे, पक्ष्यानं चौकट किती व्यापलीय त्यावर ठरतं. जवळून चौकटभर पाणकावळा घेतलात तर कॅमेऱ्याला काळंच काळं दिसतं, तो ते राखाडी करायला जातो आणि पक्षी धुरकट येतो. तेव्हा मायनस. पण ३०० वर पक्षी एवढासा आणि बाकी सगळं पाणी नाहीतर आकाश, तेव्हा प्लस. हा गोंधळच नको असेल तर मॅन्युअलवर जा, म्हणजे उजेडाचं सेटिंग तुम्हीच ठरवा. पक्ष्याच्या पिसांत तपशील दिसेल असा एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा आणि ऊन बदलेपर्यंत सेटिंगला हात लावू नका. मग तो झाडीपुढून उडो की आकाशापुढून, फरक पडत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा म्हणजे सावल्या थोड्या उघडता येतात.

आणि मुख्य म्हणजे सूर्य पाठीशी घ्या. उगवल्यानंतरचा पहिला तास-दीड तास. त्या तिरप्या उन्हात कळतं की हा पक्षी काळा नाहीच. मोठ्या पाणकावळ्याच्या पाठीवरची पिसं कांस्याच्या रंगाची असतात, प्रत्येकीला काळी किनार, खवल्यांसारखी. डोळा पाचूसारखा हिरवा. विणीच्या दिवसांत मांडीवर पांढरा ठिपकाही येतो. हे सगळं तुमच्या भोकात आहे, फक्त उजेड नाही.

दुर्बीणवाली
फोटोवाल्यांनो, आठवडाभर कॅमेरा घरी ठेवा असं सुचवते. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण, वही आणि घड्याळ एवढं पुरे. बुडी मारली की सेकंद मोजा. दहा-बारा बुड्यांत त्या तळ्यावरचा अंदाज येतो. उथळ पाण्यात बुड्या लहान असतात. बुडण्याआधी चोच कुठल्या दिशेला होती तेही लिहा. नेहमी तिकडेच निघतो असं नाही, पण नजर कुठे ठेवायची ते कळतं.

मोठा मासा असेल तर तो वर आणल्याशिवाय गिळता येत नाही. उडवून, फिरवून, डोकं आधी जाईल असा धरतो, म्हणजे मागे झुकलेल्या काट्याकल्ल्यांनी घसा खरवडत नाही. खरा फोटो त्या काही सेकंदांतच आहे.

पंख वाळवायचं कारणही माहीत असलेलं बरं. त्याच्या अंगावरच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, आतला कोरडा राहतो. त्यामुळे पिसांत हवा कमी राहते आणि बुडायला सोपं जातं. त्याची किंमत म्हणून नंतर फांदीवर बसणं आलं. म्हणजे मासेमारी पाहिलीत की धावू नका, जिच्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आहेत त्या फांदीसमोर आधीच जाऊन बसा. तो येतोच.

शटरबहाद्दर
हे मात्र पटलं. माझी भर: पंख मिटले, पुढे झुकला आणि शिटला की बहुधा उडणार. बसलेल्यासाठी शटर १/२५० सेकंद चालतं, उडण्यासाठी १/२००० ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. पाण्यावरून उडताना दोन्ही पाय एकदम मारत टप्पे घेत पळतो, तेही वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. वारा तुमच्या पाठीवर असेल तर तो समोरून येतो. आणि खाली बसा! उभ्यानं काढलेल्या फोटोत मागे पाणीच पाणी येतं.

शेवाळ
एक राहिलं. पंख मिटून मान ताठ केली की तुम्ही जास्त जवळ गेलात, मागे या. घरट्यांच्या झाडाखाली तर जाऊच नका. मोठे उठले की अंडी-पिल्लं कावळ्यांच्या तावडीत सापडतात. विष्ठेनं झाडं मरतात म्हणून लोकांचा आधीच राग असतो. टोरांटोच्या टॉमी थॉम्पसन पार्कात तर त्यांनी झाडांऐवजी जमिनीवर घरटी करावीत म्हणून प्रयत्न केले गेले.

बाकावरचा
दहा दिवसांनी आलोय. लेन्स घेतली नाही. पहिले चार दिवस नुसते आकडे: १९, २३, २२, ३१ सेकंद. काल ओघळवाल्या फांदीसमोर ओल्या गवतात बसलो, पँटची वाट लागली, पण डोळा हिरवा आला! माशाचा फोटो हुकला. शेपूट तेवढी चोचीबाहेर.
आणखी एक. त्याच फांदीवर शेजारी तसाच पंख पसरून एक लांब मानेचा बसतो. हा पाणकावळाच का?

दुर्बीणवाली
चोचीचं टोक बघा. आकड्यासारखं खाली वळलेलं असेल तर पाणकावळा. सरळ, भाल्यासारखं असेल तर तो तिरंदाज. पोहताना अंग पाण्याखाली आणि नुसती मान वर, सापासारखी. त्याचे सेकंद वेगळ्या पानावर लिहा.