पटत नसलेला आदेश: अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं?

कोपरीकर: ठाण्यात रविवारी एनसीसीच्या मुलांसमोर तासभर बोलायचं आहे. ‘नैतिक धैर्य’ म्हटलं की मुलं ‘आदेश झुगारणं’ असंच धरून चालतात. नीट कसं समजवावं?

ऐरोलीचा वाचक: आधी न पटलेला आदेश आणि बेकायदा आदेश वेगळे करा. आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम ४१ शिक्षा सांगतं ती ‘कायदेशीर’ आदेश मोडल्याबद्दल. शरण आलेल्यावर गोळी झाडायला सांगितलं, तर नकार हेच कर्तव्य. न पटलेल्यासाठी मात्र निर्णय होण्याआधीच तोंड उघडावं लागतं: अडचण, आकडा, पर्याय, मुदत, याच क्रमाने. निर्णय झाला की मनापासून राबवायचा. घोळ होतो तो इथेच. बैठकीत मान डोलवायची आणि बाहेर येऊन जवानांसमोर कुरकुर करायची; तुकडीचा विश्वास त्यानेच जातो.

वाशीचे काका: तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ यांचं उदाहरण घ्या. एप्रिल १९७१. त्यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, पूर्व पाकिस्तानात लगेच घुसायला नकार देताना कारणं ठोस होती: पावसाळ्यात फुगणाऱ्या नद्या, धान्य वाहतुकीत अडकणारी रेल्वे, तयार रणगाड्यांची कमतरता, बर्फ वितळून उघडणाऱ्या हिमालयातल्या खिंडी. सोबत राजीनाम्याची तयारी. युद्ध ३ डिसेंबरला पेटलं, १६ ला ढाक्यात शरणागती. मुलांपुढे नकाशा पसरा, मेघना नदी दाखवा आणि विचारा, भर पावसात इथून फौज कशी न्याल?

कोपरीकर: काका, नकाशा मोठाच आणतो. ‘अडचण, आकडा, पर्याय, मुदत’ हे चार शब्द फळ्यावर लिहून एक प्रसंग मुलांकडूनच सोडवून घेतो.