मदत हवी आहे : क्लेमेंटेचा २१ नंबर सगळ्या लीगमधून निवृत्त करावा का? (बेसबॉल)

नमस्कार मंडळी,

बेसबॉल मनापासून बघणाऱ्यांची मदत हवी आहे. आम्ही पिट्सबर्गला राहतो. लेक आठवीत आहे, तिच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय आलाय 'रोबेर्तो क्लेमेंटेचा २१ नंबर मेजर लीगच्या सगळ्या टीम्सनी निवृत्त करावा का' (मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग). तिला 'करावा' ही बाजू मिळाली आहे. माझंही मत तेच आहे, पण समोरच्या बाजूचे काही मुद्दे असे आहेत की आम्ही दोघंही अडकलोय.

या खेळाशी फारसा संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टीमने एखाद्याचा नंबर निवृत्त केला की त्या टीममध्ये तो पुन्हा कुणाच्या पाठीवर दिसत नाही. मेजर लीगमध्ये हा मान पहिल्यांदा मिळाला न्यूयॉर्कच्या यांकीज टीममधल्या लू गेरिगला, १९३९ साली, असाध्य आजारामुळे त्याला खेळ सोडावा लागला तेव्हा. त्यानंतर कुणाला हा मान द्यायचा हे प्रत्येक टीम आपापलं ठरवत आली आहे. सगळ्या टीम्समधून निवृत्त झालेला नंबर मात्र एकच, जॅकी रॉबिन्सनचा ४२. आधुनिक मेजर लीगमधला तो पहिला काळा खेळाडू. त्याच्या पदार्पणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १५ एप्रिल १९९७ ला, हा निर्णय जाहीर झाला.

आता क्लेमेंटे. कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाचा, १९५५ ते १९७२ इथल्या पिट्सबर्ग पायरेट्सकडूनच खेळला. बरोबर ३००० हिट्स (चेंडू मारून बेसवर पोचणं), राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला) १२ गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. हे आकडे लेकीला पाठ आहेत. पण मला वाटतं तिने आकड्यांवर वेळ घालवू नये. हा माणूस त्या काळात काय सोसत होता, ते सांगावं. तो काळा आणि स्पॅनिश बोलणारा. पेपरवाले त्याचं इंग्रजी जसंच्या तसं छापून टिंगल करायचे. त्याचं नाव रोबेर्तो, पण बेसबॉल कार्डांवर कित्येक वर्षं 'बॉब' छापलं जायचं. १९७१ ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगच्या विजेतेपदाची लढत) जिंकल्यावर टीव्हीवर बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने आधी स्पॅनिशमध्ये आईवडिलांचे आशीर्वाद मागितले, मग इंग्रजीत बोलला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पायरेट्सने मेजर लीगमध्ये पहिल्यांदा सगळेच्या सगळे नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाचे) असलेली टीम उतरवली, त्यात हा होता.

डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वात मनाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही, मधेच लंपास होते असं कळल्यावर, आपण स्वतः गेलो तर कुणी हात लावणार नाही म्हणून ३१ तारखेला सामान भरलेल्या विमानात बसला. विमान पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून उडाल्यावर लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा मृतदेह मिळालाच नाही. वय अवघं ३८. पायरेट्सने पुढच्याच वर्षी २१ निवृत्त केला.

इथे अजूनही तो नंबर सगळीकडे आहे. पायरेट्सच्या पीएनसी पार्क स्टेडियममध्ये राइट फील्डची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो आणि त्यावरून चालत जाणाऱ्या लोकांमध्ये त्याला खेळताना न पाहिलेली पोरं २१ ची जर्सी घालून असतात.

आम्ही अडलोय ते इथे :

पहिला मुद्दा : ४२ चा मान एकमेव आहे, म्हणूनच त्याचं वजन आहे. रॉबिन्सनच्या मुलीने, शॅरन रॉबिन्सन यांनी, २००६ मध्ये हेच म्हटलं होतं की क्लेमेंटेचा सन्मान वेगळ्या प्रकारे व्हावा. त्यांच्या शब्दाला काय उत्तर द्यायचं?

दुसरा : आज २१ केला तर उद्या हँक आरनचा ४४ का नाही, बेब रूथचा ३ का नाही?

तिसरा : तो पहिला लॅटिनो नव्हता. मिन्नी मिन्योसो त्याच्या आधीचा, आणि पोर्तो रिकोचा हायरम बिथॉर्न तर १९४२ मध्येच मेजर लीगमध्ये आला होता.

शिवाय नंबर निवृत्त करायला तुमच्या मते निकष काय असावा, कुणाकुणाचा व्हावा, तेही लिहा.

प्रतिसाद १ (न्यू जर्सी)

मी विरोधात आहे, आधीच सांगते. यांकीजची अवस्था बघा. २०१७ मध्ये डेरेक जेटरचा २ निवृत्त झाला आणि १ ते ९ सगळे नंबर संपले. त्यात ८ तर दोघांच्या नावाने, बिल डिकी आणि योगी बेरा. गेरिग, रूथ, डिमॅजिओ, मँटल यांच्याबद्दल वादच नाही. पण पॉल ओनीलचा २१? मला तो खूप आवडायचा, तरीही त्या रांगेत नाही बसत. दुसरीकडे एंजल्स टीमने २६ नंबर आपल्या त्या वेळच्या मालकाच्या नावाने निवृत्त केलाय. मान असा वाटत सुटलं की त्याची किंमत राहत नाही.

लेकीला दुसरा पर्याय सुचवा. १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ घालतात, ते बघताना मला दरवर्षी भरून येतं. नंबर कायमचा कपाटात ठेवण्यापेक्षा १५ सप्टेंबरला, क्लेमेंटे दिनाला, सगळ्यांनी २१ घालावा.

प्रतिसाद २ (लॉस एंजेलिस)

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर : 'पहिला' हा शब्द वापरायचाच असेल तर हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी) वापरा. १९७३ मध्ये खेळ संपल्यावर पाच वर्षं थांबायची अट बाजूला ठेवून त्याला घेतलं आणि तिथे पोचलेला तो पहिला लॅटिन अमेरिकन.

निकषाबद्दल आमच्या फर्नांडो वालेन्झुएलाचं उदाहरण द्या. मेक्सिकोचा पिचर (चेंडू टाकणारा), इथल्या डॉजर्स टीमचा. १९८१ मध्ये एकाच वर्षी रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) आणि साय यंग (सर्वोत्तम पिचर) हे दोन्ही पुरस्कार, असं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. त्याच्यामुळे इथली मेक्सिकन कुटुंबं डॉजर्सची झाली. पण हॉल ऑफ फेममध्ये नसेल तर नंबर निवृत्त नाही, असा डॉजर्सचा खाक्या. तो १९९१ मध्ये टीममधून बाहेर पडल्यापासून त्याचा ३४ कुणालाच दिला नव्हता, तरी अधिकृत मान द्यायला २०२३ उजाडलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. निदान त्याला बघायला मिळालं. हॉल ऑफ फेमची अट मला म्हणूनच चुकीची वाटते. त्या माणसामुळे स्टेडियममध्ये कोण यायला लागलं, ते बघा.

प्रतिसाद ३ (ठाणे)

बेसबॉल बेताचंच कळतं, पण सचिनच्या १० ची गोष्ट उपयोगी पडेल. २०१७ मध्ये आपला पालघरचा शार्दुल ठाकूर श्रीलंकेत १० घालून खेळला आणि सोशल मीडियावर लोकांनी त्याला धारेवर धरलं. नंतर त्याने ५४ घेतला. त्या पोराची काय चूक? नियम नव्हता म्हणून त्याला ऐकून घ्यावं लागलं. लोकांनी मनात नंबर कधीच निवृत्त केलेला असेल तर बोर्डाने तो वेळेवर जाहीर करावा, म्हणजे नव्या मुलावर ही वेळ येत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शार्दुलचा मुद्दा लेकीने लगेच लिहून घेतला. कित्येक लॅटिनो खेळाडू २१ घ्यायला आपणहून नकार देतात, त्याला हा अगदी लागू पडतो.

न्यू जर्सीच्या ताई, दोन्ही केलं तर? ४२ निवृत्तही आहे आणि वर्षातून एकदा सगळे घालतातही. तसंच २१ चं करता येईल. दुसऱ्या मुद्द्यावर आम्ही असं म्हणणार आहोत की आरन आणि रूथ यांचा मान खेळासाठी आहे, तो त्यांच्या टीम्सनी दिलेलाच आहे. सगळ्या लीगचा मान मात्र खेळापलीकडे काही केलेल्यांनाच द्यावा. पण आरनलाही रूथचा होम रनचा (एका फटक्यात पूर्ण फेरीच्या धावेचा) विक्रम मोडताना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, तरी तो मागे हटला नाही. समोरच्यांनी हे काढलं तर आमची पंचाईत आहे. स्पर्धा शुक्रवारी आहे, कुणाला उत्तर सुचलं तर गुरुवार रात्रीपर्यंत लिहा.