सोसायटीत रॉटवायलर आणलाय, काय करता येईल?

सातव्या_मजल्यावरची:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय, लांबलचक लिहितेय त्याबद्दल आधीच सॉरी. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, जुनी सोसायटी, २८ फ्लॅट, एकच लिफ्ट आणि तीही चार माणसांची. दिवाळीनंतर पाचव्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं, त्यांच्याकडे रॉटवायलर जातीचा कुत्रा आहे, नर, दीड-दोन वर्षांचा. माणसं तशी चांगली आहेत, संक्रांतीला घरोघरी तिळगूळ द्यायला आली होती. पण दोघंही आयटीत, सकाळी साडेआठला बाहेर, आणि कुत्र्याला खाली कोण नेतं तर त्यांचा आठवीतला मुलगा, नाहीतर भांडीवाल्या मावशी. मावशी असतील पंचेचाळीस किलोच्या, कुत्रा त्यांच्यापेक्षा जड.

मागच्या आठवड्यात सासूबाई चतुर्थीचं गणपतीला जाऊन येत होत्या, हातात नारळाची पिशवी, लिफ्टचं दार उघडलं तर आत तो मुलगा आणि कुत्रा. कुत्रा भुंकला वगैरे काही नाही, सरळ पुढे झेपावला, मुलगा पट्ट्यासकट फरफटत बाहेर आला आणि सासूबाई मागच्या मागे पडल्या. मनगटाला फ्रॅक्चर. चावला नाही हे खरंय. मुलगा बिचारा रडायलाच लागला. रात्री त्याचे आईवडील आले, मनापासून माफी मागितली, एक्सरे-प्लास्टरचे पैसे देतो म्हणाले, आणि मग वर म्हणाले, 'काकू, तो खेळायला आला होता हो, खूप फ्रेंडली आहे.' इथे माझं डोकं सटकलं.

आता व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो सह्या गोळा करून कुत्रा हाकला, दुसरा म्हणतो जातीवरून माणसाला बोलत नाही तर कुत्र्याला का. नवऱ्याचं म्हणणं हे ब्रीड भारतात बॅनच आहे. खरंय का? सोसायटी कुत्रा काढायला लावू शकते का? आणि हे ब्रीड खरंच तसलं असतं का? मला कुत्र्यांचा तिटकारा नाही बरं का, माहेरी कराडला आमचा मोत्या होता, गावठी. तो पोस्टमनला दोनदा चावला, त्याची कुठे बातमी झाली नाही, हेही कबूल करते.

तारीख_पे_तारीख:
ताई, वकील आहे म्हणून आधी कायद्याचं बोलतो. तुमच्या मिस्टरांनी ऐकलंय ते १२ मार्च २०२४ चं केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र. त्यात २३ ब्रीड्सची यादी होती, पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो वगैरे, आणि राज्यांना सांगितलं होतं की यांना लायसन्स देऊ नका, विक्री आणि ब्रीडिंग बंद करा, आधीपासून पाळलेत त्यांची नसबंदी करा. महिन्याभरात, एप्रिलमध्ये, कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. दिल्ली हायकोर्टातही केस होतीच, मग केंद्राने लोकांकडून हरकती मागवल्या. तेव्हा 'बॅन आहे' असं नोटीस बोर्डवर लावू नका, तोंडघशी पडाल.

सोसायटीलाही पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाईडलाइन्स आहेत, लिफ्टबंदीसुद्धा चालत नाही. सह्यांच्या मोहिमेतून एवढंच होईल की समोरचा प्राणीमित्र संस्थेला बोलावेल आणि मूळ विषय बाजूला पडेल.

पण याचा अर्थ मालक सुटला असा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाचा, जुनं आयपीसी २८९. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात ब्रीडचा उल्लेखसुद्धा नाही. आणि हे नुसतं कागदावर नाहीये. मुंबईत २०१० ला एका माणसाने समोरचा 'दार उघडू नका' म्हणत असताना गाडीचं दार उघडलं, आतला रॉटवायलर वृद्ध नातेवाइकाला चावला, २०२३ ला मालकाला तीन महिने झाले. दुसरी केस तुमच्यासारखीच, लिफ्टमधली, वरळीची. २०१८ ला लिफ्टमधला माणूस सांगतोय लहान मुलगा घाबरतो, जरा थांबा, तरी मालकाने कुत्र्याला ओढत आत घेतलं आणि कुत्रा त्या माणसाच्या हाताला चावला. २०२५ ला चार महिने सक्तमजुरी. कुत्रा कुठला माहितीये? हस्की. निळ्या डोळ्यांचा, रील्सवाला.

तारखा बघून कळलंच असेल किती वर्षं लागतात, माझा आयडी उगाच नाहीये. सीसीटीव्ही फुटेज आजच्या आज काढून ठेवा, बऱ्याच सोसायट्यांत पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं. आणि मालकांना लेखी पत्र द्या. उद्या परत काही झालं तर 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणता येणार नाही.

झणझणीत:
इतकं कशाला, हाकला सरळ. लखनौला २०२२ मध्ये पिटबुलने घरातल्याच ८२ वर्षांच्या आजींना मारलं, चेन्नईला २०२४ मध्ये दोन रॉटवायलरनी बागेत पाच वर्षांच्या मुलीला फाडलं. उद्या कोणी वाघ पाळला तर त्यालाही फ्रेंडली म्हणायचं का? फ्लॅटमध्ये राहायचं आणि शौक जहागीरदाराचे.

ब्राउनीची_आई:
झणझणीत दादा, चेन्नईची बातमी पूर्ण वाचा, ते दोन्ही कुत्रे सार्वजनिक बागेत मोकळे होते, पट्टा नाही, तोंडाला मझल नाही. कुत्रे कोणी सोडले होते हो?

मी नाशिकला, माझ्याकडे नऊ वर्षं रॉटवायलर मादी आहे, त्यामुळे मी भांडायलाच येणार होते पण ताईंची पोस्ट वाचून गप्प बसले, कारण चूक त्यांची नाहीये. आम्ही रॉटीवाले एक लबाडी नेहमी करतो, 'ब्रीड काही नसतं, सगळं संगोपन' असं म्हणतो. अर्धंच खरंय ते. २०२२ चा एक मोठा अभ्यास आहे, अठरा हजारांवर कुत्र्यांचा, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक ब्रीडवरून सांगता आला. म्हणजे रॉटवायलर म्हणजे रागीटच असं नाही. पण जबडा आणि वजन तर ब्रीडवरच ठरतं ना! पॉमेरेनियन उखडला तर आयोडीन लावून भागतं, माझी ब्राउनी उखडली तर ऑपरेशन थिएटर. मूळचा हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा, गुरं हाकायचा, गाड्या ओढायचा. अंगाने ढकलायचं हे त्याच्या रक्तात आहे, शंभर किलोच्या बैलाला ढकलणारा जीव तुमच्या सासूबाईंना ढकलणारच, चावायचं मनात नसलं तरी. म्हणून त्यांचं 'फ्रेंडली' कदाचित खरंही असेल, दीड वर्षाचा नर म्हणजे आपल्याकडचा कॉलेजचा पोरगा, अंगात मस्ती आणि अक्कल यायचीय. पण मनगट मोडायचं ते मोडलंच.

माझं पाप पण सांगते. ब्राउनी तीन वर्षांची असताना पेपरवाल्याला चावली, पोटरीला सहा टाके. त्याआधी महिनाभर ती त्याच्यावर गुरगुरायची आणि मी दरवेळी तिला ओरडायचे, चापट मारायचे, मग तिने गुरगुरणं सोडलं, मला वाटलं सुधारली. ट्रेनरने नंतर समजावलं की बाई तू तिचा भोंगा काढून टाकलास, राग तसाच होता. गुरगुरणं ही सूचना असते हो, अंग ताठ होणं, जिभल्या चाटणं, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दाखवत बघणं, हे सगळं ती सांगत होती, मला वाचता येत नव्हतं.

त्या लोकांना विचारा पिल्लू कितव्या दिवशी आणलं. २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला मनाई आहे, पण व्हॉट्सॲपवर तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकतात. आई आणि भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावायचं नाही हे ते शिकतं, ते शिकायच्या आधीच उचलून आणलेलं असतं. आणि मझल आणायला सांगा तर जाळीचं, बास्केटवालं, तोंड बांधणारं कापडी नको, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, पुण्याच्या उन्हाळ्यात मरेल तो. आठ-दहा दिवस त्याच्यातून पनीरचे तुकडे भरवले की स्वतःच तोंड घालतो.

आठवीतल्या मुलाच्या हातात पट्टा देणं मात्र अक्षम्य. त्या मुलाचाही विचार करा, त्याच्या मनावर केवढा धसका बसला असेल.

झणझणीत:
बैल शंभर किलोचा?? आमच्याकडचं वासरू असतं तेवढं 😄 बाकी पोस्ट पटली.

ब्राउनीची_आई:
बरं बाबा चारशे. शहरातली आहे मी.

हॅनोव्हरकर:
जर्मनीत लोअर सॅक्सनीत राहतो, मूळचा सोलापूरचा. इथे पहिल्यांदा कुत्रा पाळायचा तर माणसाची परीक्षा, २०१३ पासून. लेखी कुत्रा आणायच्या आधी आणि प्रॅक्टिकल पहिल्या वर्षात, इवलासा चिवावा असला तरी. वर मालकाचा विमा सक्तीचा, कुत्र्याने कोणाला पाडलं तर खर्च विमा कंपनी देते, त्यामुळे 'पैसे देतो काकू' असला अवघड प्रसंग येत नाही. शिवाय महापालिकेचा कुत्रा-टॅक्स. मी लॅब्रेडॉर घ्यायचं ठरवलं तेव्हा पस्तिशीत परत पुस्तक घेऊन बसलो होतो, बायको हसत होती.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०१८ मध्ये आमच्या हॅनोव्हरमध्येच स्टॅफर्डशायर जातीच्या एका मिक्स कुत्र्याने घरातल्या आईला आणि मुलाला मारलं. नंतर निघालं की सरकारी कचेरीत २०११ पासून कागद पडून होते, कुत्रा धोकादायक आहे आणि या घराला झेपणारा नाही म्हणून. कोणी परत जाऊन बघितलंच नाही. तेव्हा इंग्लंडसारखं यादी करून काय होतं मला कळत नाही, त्यांनी १९९१ ला चार जाती बंद केल्या, मग लोकांनी एक्सएल बुली नावाचा वेगळाच कुत्रा आणला, मग २०२३ ला तोही यादीत. आता पुढचा कुठला ते बघायचं.

गुरांचा_डॉक्टर:
सांगली जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात आहे, रोज म्हशी बघतो पण कुत्रेही येतात. वरचं वाचणाऱ्यांसाठी एकच, कारण कोणीच लिहिलं नाही. कुत्रा कुठल्याही जातीचा असो, पाळीव असो, लस दिलेला असो, दात लागून कातडी फाटली की जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. दंडात घेणार असाल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी इंजेक्शनं, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पण मागून घ्या, बरेचदा तेच राहतं. रेबीजची लक्षणं सुरू झाली की मग आमच्या आणि माणसांच्या डॉक्टरांच्या हातात काही राहत नाही.

ताई, त्या मालकांकडे लसीचं कार्ड आणि महापालिकेचं लायसन्स बघायला मागा. मागायला लाजू नका. डोबरमनचं सांगतो, माझ्या लहानपणी कॉलनीत सगळ्यांना त्याची दहशत, तो कुत्रा निर्माण केला एका टॅक्सवसुली करणाऱ्या माणसाने, संरक्षणाला. आता सगळी दहशत रॉटवायलर-पिटबुलची, आणि केंद्राच्या त्या २३ च्या यादीत डोबरमन नव्हताच. भीतीची पण फॅशन असते. माझ्याकडे चावल्याच्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त येतो तो दिवसभर दारात साखळीला बांधलेला कुत्रा, जात कुठलीही.

सातव्या_मजल्यावरची:
सगळ्यांचे आभार, काल रविवारी मीटिंग झाली म्हणून अपडेट देते. वकीलदादांनी सांगितलं तसं फुटेज काढलं, आणि मोठ्या टीव्हीवर सगळ्यांसमोर लावलं. तोपर्यंत कुत्र्याचे बाबा वाद घालत होते. फुटेजमध्ये त्यांचा मुलगा पट्टा मनगटाला गुंडाळून फरशीवर घासत जाताना दिसला तेव्हा ते एकदम गप्प झाले, बायको उठून आतच गेली. सासूबाईंपेक्षा मुलाचं बघून त्यांना कळलं असं मला वाटलं, असो, कळलं ना.

ठरलं असं की सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला बाबा स्वतः नेणार, लिफ्टमध्ये कुत्रा असेल तर दुसरं कोणी नाही, मझल बास्केटचं (ब्राउनीची आई, थँक्यू, कापडी आणलंच होतं त्यांनी), लसीचं कार्ड सेक्रेटरींना दाखवलं, लायसन्स मात्र काढलेलं नव्हतं, या आठवड्यात काढतो म्हणाले. पिल्लू पस्तीस दिवसांचं असतानाच आणलं होतं, बरोबर ओळखलंत. सह्यांचा कागद सासूबाईंनी प्लास्टरच्या हाताने फाडता येईना म्हणून माझ्याकडून फाडून घेतला.

तारीख_पे_तारीख:
छान. पण सकाळी सहा ते रात्री साडेनऊ कुत्रा काय पोट धरून बसणार आहे का? दुपारी कोण नेणार?

सातव्या_मजल्यावरची:
अरे देवा. दुपारी मावशीच नेतात अजून. हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, मावशींना मीटिंगला बोलावलंच नव्हतं. उद्या त्या आमच्याकडे भांडी घासायला येतील तेव्हा आधी त्यांनाच विचारते, त्यांना न्यायचं तरी आहे का.