स्वस्त ९ मिमी पिस्तूल: हाय-पॉइंट सी९ की टॉरस जी३सी?

प्रश्न: टेक्सासमध्ये घरच्या सुरक्षेसाठी २००-३०० डॉलरपर्यंतचं पिस्तूल घ्यायचंय. या किमतीत भरवसा ठेवता येतो का?

उत्तर १: येतो, पण पैसे कुठे वाचवलेत ते पाहा. सी९ साधं ब्लोबॅक आहे. गोळी सुटताना बॅरल (नळी) आणि स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकत नाहीत, स्लाइडचं वजनच धक्का पेलतं. म्हणून जस्तमिश्रधातूची ती जाडजूड स्लाइड, आणि रिकामं पिस्तूलही ८०० ग्रॅमच्या वर. मॅगझीनमध्ये (गोळ्या भरायच्या डबीत) ८ गोळ्या. साफ करायला पंच-हातोडीने पिन काढावी लागते, हे फार कटकटीचं. जी३सीची स्लाइड पोलादी, मॅगझीन १२ गोळ्यांचं, उघडायला अवजार लागत नाही. माझं मत जी३सीला.

उत्तर २: गोळी अडकली की लोक पिस्तुलाला दोष देतात. बहुतेकदा दोष मॅगझीनच्या वरच्या ओठांचा (गोळी धरून ठेवणाऱ्या कडांचा) असतो; ते जरा वाकडे झाले की गोळी चुकीच्या कोनात वर येते. मॅगझीनांवर १, २ असे आकडे घाला. एकाच आकड्यावर अडकत असेल तर ते बदला, पकडीने वाकवत बसू नका.

उत्तर ३: आधी कारखान्याचं ग्रीस पुसून स्लाइडच्या खाचांत थेंबभर तेल घाला. मग रेंजवर साध्या २०० गोळ्या आणि घरात भरून ठेवणार त्याच हॉलो पॉइंटच्या (टोक पोकळ असलेल्या गोळ्यांच्या) किमान ५० झाडा. हॉलो पॉइंटचं तोंड बोथट, ते रॅम्पवर (गोळी बॅरलमध्ये चढते त्या उतारावर) अडू शकतं. मनगट सैल धरलं तरी स्लाइड पूर्ण मागे जात नाही, तेही तपासा.